जामखेड ते जिनिव्हा, आणि परत दिव्यापर्यंत

दिवा जंक्शन हे नाव कोकणातल्या चाकरमान्याला सावंतवाडीच्या गाडीमुळे ठाऊक असते, आणि ठाणे-कल्याणच्या लोकलमधल्या प्रवाशाला तिथल्या गर्दीमुळे. दातिवली, साबे, आगासन, बेतवडे, म्हातार्डी ही इथली मूळ आगरी-कोळी गावे. त्यांच्या भातशेतीच्या जमिनींवर गेल्या काही दशकांत चाळी आणि इमारती उभ्या राहिल्या, आणि कोकण, घाटमाथा, खानदेश, मराठवाडा, उत्तर प्रदेश अशा चहूकडून आलेली कुटुंबे तिथे राहू लागली. या गल्ल्यांतून खांद्याला पिशवी आणि हातात नोंदवही घेतलेली एक बाई दारोदार फिरताना दिसते. कुणाच्या घरी बाळंतीण आहे, कुठल्या बाळाची लस चुकली आहे, कुणाचा खोकला दोन आठवडे हटलेला नाही, हे तिला माहीत असते. लोक तिला ‘आशाताई’ म्हणतात. ते तिचे नाव नसते, कामाचे नाव असते.

हे काम आले कुठून? सरकारी उत्तर सोपे आहे. १२ एप्रिल २००५ रोजी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले, त्यात ‘आशा’ स्वयंसेविकेची योजना होती. २०१३ मध्ये शहरी अभियान आले आणि ती शहरातल्या वस्त्यांतही पोचली. परंतु कल्पनेची वंशावळ शासन निर्णयाच्या तारखेपासून सुरू होत नाही. दिव्यातल्या आशाताईच्या पूर्वसुरी शोधत गेले, तर वाट तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या जामखेडला जाते, तिथून जिनिव्हाला, पुढे तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या अल्मा-आटाला, आणि फिरून आपल्याकडे येते. या फेऱ्यात काय टिकले आणि काय गळाले, एवढाच हिशेब या लेखात मांडायचा आहे.

मदतीचा जुना अर्थ

दुसऱ्या महायुद्धानंतर जे देश स्वतंत्र झाले, त्यांना श्रीमंत देशांकडून मिळणाऱ्या मदतीची दोन ठरलेली रूपे होती. एक अन्नधान्य, दुसरे रुग्णालय. धान्य जहाजाने येई आणि संपे. रुग्णालय टिके, पण ते जिथे बांधले तिथेच उभे राही. आजारी माणसाने तिथवर चालत जायचे. आपल्याकडे १९४६ च्या भोर समितीने प्राथमिक आरोग्य केंद्रांचा आराखडा दिला होता. केंद्रे निघालीही. मात्र त्यांचे डॉक्टर आणि परिचारिका बाहेरून यायच्या आणि गाव त्यांच्याकडे ‘सरकारी माणसे’ म्हणूनच पाहायचे.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी या व्यवस्थेची मर्यादा आतून पाहिली. दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकले. लग्नानंतर १९६० च्या दशकात त्यांनी नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम केले. रुग्णांची गर्दी वाढत होती, शस्त्रक्रिया होत होत्या, रुग्णालयाचा लौकिक पसरत होता. पण बरे होऊन गेलेला माणूस काही महिन्यांनी तोच आजार घेऊन परत येई, कारण तो ज्या पाण्याकडे, ज्या उपासमारीकडे आणि ज्या समजुतींकडे परत जाई, त्यांत काहीच बदललेले नसे. हा प्रश्न घेऊन दोघे अमेरिकेला गेले आणि पुढे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला. तिथे त्यांना डॉ. कार्ल टेलर गुरू म्हणून लाभले. टेलर भारतातच जन्मलेले, मिशनरी कुटुंबातले. पंजाबातल्या नारंगवालच्या ग्रामीण आरोग्य प्रयोगामागे तेच होते.

गावातलीच बाई

१९७० मध्ये आरोळे दांपत्य जामखेडला आले. तालुका कायमचा अवर्षणग्रस्त, बीड आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांना लागून. त्यांनी आधी गावकऱ्यांशी बोलून त्यांचा होकार घेतला. दवाखान्याला जागा मिळाली ती जनावरांच्या जुन्या दवाखान्याची. पैसा आणि साहित्य यांपैकी बरेच परदेशातल्या ख्रिस्ती संस्थांकडून आले. म्हणजे सुरुवात जुन्याच प्रकारच्या मदतीने झाली. वेगळेपण पुढच्या टप्प्यावर आले, आणि तेही एका अपयशातून.

पहिली योजना अशी होती की, प्रशिक्षित सहायक परिचारिका खेड्यांत राहतील. ती चालली नाही. तरुण, एकटी, परगावची मुलगी; राहायला सुरक्षित घर नाही, आणि तिने चार मुलांच्या आईला बाळंतपणाविषयी सांगितलेले कोण ऐकणार? तेव्हा गावकऱ्यांकडूनच सूचना आली की, आमच्याच गावातली बाई का शिकवत नाही? आरोळ्यांनी ती मानली. गावांनी निवडून पाठवलेल्या बायका मध्यमवयीन होत्या, बहुतेक निरक्षर. त्यांतल्या कित्येक दलित होत्या, कित्येकींना नवऱ्याने टाकलेले होते.

या बायका दर आठवड्याला जामखेडला येत, मुक्काम करीत, एकत्र जेवत. वेगवेगळ्या जातींच्या बायकांनी एका पंगतीला बसणे हाच त्या काळच्या जामखेडमध्ये मोठा धडा होता. शिकवणे गप्पांतून आणि गाण्यांतून चाले. जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी कसे द्यायचे, गरोदर बाईचे पोट कसे तपासायचे, बाळंतपणात नाळ कशाने कापायची, कुष्ठरोगाचा पहिला चट्टा कसा ओळखायचा, हे त्या शिकल्या. आठवड्याची बैठक एकमार्गी नव्हती. गेल्या आठवड्यात गावात काय घडले हे बायका सांगत आणि डॉक्टर ऐकत. पुढच्या आठवड्याचा पाठ त्यातून ठरे.

दरम्यान १९७२ चा दुष्काळ आला. महाराष्ट्राच्या ग्रामीण स्मृतीत हा दुष्काळ खडी फोडण्याच्या कामांसाठी, ‘मिलो’ नावाच्या लाल ज्वारीसाठी आणि सुकडीसाठी राहिला आहे. जामखेडलाही बाहेरून धान्य आले, विंधनविहिरी खोदण्याची सोय आली. प्रश्न हा होता की, ती मदत कुणाच्या हातून आणि कुठे पोचणार. मुलांचा आहार गावानेच चालवलेल्या सामुदायिक स्वयंपाकघरांतून दिला गेला. त्यासाठी तरुण शेतकऱ्यांची मंडळे पुढे आली. ही मंडळे आरोग्यावरच्या व्याख्यानांतून निघाली नव्हती. संध्याकाळी व्हॉलिबॉल खेळायला जमणाऱ्या पोरांतून ती घडली होती. विंधनविहिरींच्या बाबतीत आरोळ्यांनी एक युक्ती केली. बऱ्याच विहिरी दलित वस्तीत घेतल्या गेल्या. पाणी तिथे लागले, म्हटल्यावर सवर्ण बायकांना हंडा घेऊन तिथे जाणे भाग पडले. पाणवठ्याच्या प्रश्नावर महाडला झालेला संघर्ष ज्या महाराष्ट्राने पाहिला होता, तिथे या युक्तीचा अर्थ वेगळा समजावून सांगायची गरज नाही.

प्रकल्पाच्या स्वतःच्या नोंदींनुसार १९७१ मध्ये या गावांत जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकी १७६ पहिल्या वाढदिवसाआधी दगावत. १९७६ पर्यंत हा आकडा ५२ वर आला. पाच वर्षांत झालेली ही घट नव्या यंत्रसामग्रीने आणली नव्हती. ती पाणी, आहार, लसी आणि घराजवळची एक जाणती बाई यांच्या जोरावर झाली होती.

पंपाचा दाखला

याच काळात, याच दुष्काळी पट्ट्यात, एका लोखंडी वस्तूच्या बाबतीत अगदी हेच घडत होते, म्हणून थोडे विषयांतर. १९६० च्या दशकाच्या अखेरीस युनिसेफ आणि इतर संस्थांनी दख्खनचा कातळ फोडू शकणारी खोदयंत्रे भारतात आणली. पाणी लागले. त्यावर बसवलेले बिडाचे हातपंप मात्र एका कुटुंबाच्या वापरासाठी घडवलेले होते. अख्ख्या गावाने दिवसभर हापसल्यावर ते मोडू लागले. १९७० च्या दशकाच्या मध्यास केलेल्या पाहणीत युनिसेफला दिसले की, सुमारे तीन चतुर्थांश पंप बंद आहेत. मदत आली होती, पण ती दुरुस्त करणे कुणाच्याच हातात नव्हते.

उत्तर मराठी मुलखातच तयार होत होते. जालन्याच्या स्कॉटिश मिशनमध्ये आणि सोलापूरच्या कार्यशाळेत पोलादी, दणकट पंप घडवले गेले होते. सोलापूरच्या नमुन्यावर पुढे काम होऊन ‘इंडिया मार्क टू’ हा हातपंप तयार झाला. तो भारतभर लागला आणि नंतर आफ्रिकेतल्या अनेक देशांत गेला. आपण ज्याला नुसते ‘हापसा’ म्हणतो, त्याची ही कुळकथा. बाहेरून आलेले यंत्र आणि इथे घडलेली सुधारणा यांची गाठ पडली तेव्हाच पाणी टिकले. जामखेडच्या आरोग्यसेविकेची गोष्ट याहून वेगळी नाही.

जिनिव्हातले शेजारी

जामखेडची वार्ता जगभर कशी गेली, यामागे एक भौगोलिक योगायोग आहे. जागतिक आरोग्य संघटनेचे मुख्यालय जिनिव्हात. जागतिक चर्च परिषदेचेही तिथेच, थोड्याच अंतरावर. चर्च परिषदेच्या ख्रिश्चन मेडिकल कमिशनला साठच्या दशकातच जाणवले होते की, मिशनऱ्यांनी जगभर बांधलेली रुग्णालये मोठा पैसा खाऊन थोड्या लोकांना पुरतात. गावपातळीवरच्या प्रयोगांचा शोध घेताना त्यांच्यासमोर प्रामुख्याने तीन नावे आली : इंडोनेशियातील सोलो, ग्वाटेमालातील चिमाल्तेनांगो आणि भारतातील जामखेड. १९७३ मध्ये आरोग्य संघटनेचे महासंचालक झालेले डेन्मार्कचे हाफडान माहलर पूर्वी भारतात क्षयरोगावर काम करून गेलेले होते. दोन्ही संस्थांचा संवाद सुरू झाला.

१९७५ मध्ये आरोग्य संघटनेने केनेथ न्यूवेल यांच्या संपादनाखाली एक पुस्तक काढले. त्याच्या शीर्षकाचा अर्थ होता ‘लोकांनी घडवलेले आरोग्य’. चीन, क्यूबा, टांझानिया यांच्यासारख्या देशांच्या राष्ट्रव्यापी प्रयोगांच्या शेजारी त्यात जामखेडवर आरोळे दांपत्याचे प्रकरण होते. एक आख्खा चीन आणि एक दुष्काळी तालुका यांना एकाच पंक्तीत बसवणारे हे पुस्तक पुढच्या परिषदेची पूर्वतयारी ठरले. ६ ते १२ सप्टेंबर १९७८ या काळात अल्मा-आटा येथे १३४ देशांचे प्रतिनिधी जमले आणि ‘सन २००० पर्यंत सर्वांसाठी आरोग्य’ हा संकल्प जाहीर झाला. परिषदेच्या तयारीत सल्लागार म्हणून आरोळ्यांचे गुरू कार्ल टेलर होते. जाहीरनाम्यात लोकांच्या सहभागाला केवळ सोय म्हणून नाही, तर हक्क आणि कर्तव्य म्हणून स्थान मिळाले. पुढच्याच वर्षी आरोळे पतीपत्नींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

पण अल्मा-आटाची शाई वाळते न वाळते तोच माघार सुरू झाली. १९७९ मध्येच काही तज्ज्ञांनी मांडले की, सर्वांगीण आरोग्य हे ध्येय महागडे आहे. त्याऐवजी निवडक आजारांवरचे स्वस्त, मोजता येणारे उपाय घ्यावेत. ऐंशीच्या दशकात युनिसेफने वाढीच्या नोंदी, जलसंजीवनी, स्तनपान आणि लसीकरण या चार गोष्टींवर भर दिला. त्यातून असंख्य मुले वाचली, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र दलित वस्तीतली विहीर, एका पंगतीचे जेवण, व्हॉलिबॉल खेळणारी मंडळे यांना त्या यादीत जागा नव्हती. जे मोजता येत होते ते जगाने उचलले.

१९८८ मध्ये वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय आरोग्यावर एक परिषद भरली. तिथे जामखेडच्या आरोग्यसेविका मुक्ताबाई पोळ बोलल्या. सभागृहातल्या देखण्या झुंबरांकडे निर्देश करून त्यांनी डॉक्टरांना झुंबरांची उपमा दिली : सुंदर, पण महाग आणि हाताला न लागणारी. स्वतःला त्यांनी पणतीची उपमा दिली, कारण पणतीवर दुसरी पणती लावता येते. आरोळ्यांनी आपल्या पुस्तकात हा प्रसंग नोंदवला आहे आणि तो जगभर सांगितला जातो. टाळ्या मिळवणारी उपमा म्हणून तो सांगितला जातो खरा, पण तिच्यातला विचार व्यवहारी आहे. झुंबर लावायला वीज, पैसा आणि कारागीर लागतो. पणतीला शेजारची पणती पुरते. जामखेडला शिकून गेलेल्या बायका गावातल्या इतर बायकांना शिकवीत होत्या. आणि पुढे परदेशांतले आरोग्य कार्यकर्ते आणि विद्यार्थी जामखेडला शिकायला येऊ लागले, तेव्हा त्यांच्या वर्गात शिकवायला याच बायका उभ्या राहत.

देशात परत

आपल्या सरकारने ही कल्पना अल्मा-आटाच्याही आधी उचलली होती. २ ऑक्टोबर १९७७ रोजी जनता सरकारने देशभर योजना सुरू केली : दर हजार लोकसंख्येमागे गावातलाच एक आरोग्य कार्यकर्ता, तीन महिन्यांचे प्रशिक्षण, महिना ५० रुपये मानधन. पण निवड सरपंच आणि पुढाऱ्यांच्या हाती गेली आणि नेमले गेले ते बहुतांशी पुरुष. बाळंतपण आणि तान्ही बाळे हे मुख्य काम असताना ते पुरुषाकडे सोपवणे म्हणजे काम होऊ नये अशीच व्यवस्था करणे. नावे बदलत बदलत ती योजना विरत गेली.

महाराष्ट्रातले स्वयंसेवी प्रयोग मात्र चालू होते. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या डहाणू तालुक्यात, कासा येथे, डॉ. पी. एम. शहा यांनी राज्य सरकार आणि ‘केअर’ या आंतरराष्ट्रीय मदतसंस्थेच्या सहकार्याने आदिवासी मुलांच्या कुपोषणावर गावातल्याच अर्धवेळ कार्यकर्त्यांकरवी काम केले. मुंबईसमोर, खाडीपलीकडच्या मांडव्याला डॉ. नोशीर अँटिया यांनी गावातल्या बायकांना आरोग्यसेविका केले. काम उत्तम चालले, आणि म्हणूनच अडले. प्रश्न विचारू लागलेल्या बायका स्थानिक सत्तेला रुचल्या नाहीत आणि प्रकल्प गुंडाळावा लागला. मांडव्याचा धडा जामखेडच्या यशाइतकाच महत्त्वाचा आहे. आरोग्यसेविकेच्या हातातल्या औषधाला कुणाची हरकत नसते; हरकत असते ती तिच्या तोंडातल्या शब्दाला.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’ संस्थेमार्फत नवजात बालकांची घरीच काळजी घेण्याची पद्धत खेड्यातल्या बायकांना शिकवली. त्यामुळे नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले, हे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आले. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरावीक दिवशी जाते, बाळाचे वजन घेते, ताप पाहते, त्या भेटींचे मूळ गडचिरोलीत आहे. त्यांच्या जोडीला छत्तीसगडची ‘मितानिन’ योजना होती. या सगळ्यांतून २००५ ची आशा घडली. आज देशात त्यांची संख्या सुमारे दहा लाख आहे.

काय घेतले, काय सोडले

जामखेडच्या आरोग्यसेविका पगारी नोकर नव्हत्या. आशाही नोकर नाही. ती ‘स्वयंसेविका’ आहे, तिला कामागणिक मोबदला मिळतो. वरवर पाहता वारसा अचूक चालला आहे. पण जामखेडच्या बाईचे काम दिवसाच्या काही तासांचे होते, त्या जोडीने तिला कर्ज मिळवून धंदा उभा करायला मदत होत असे, गावात मान मिळे, आणि तिने उत्तर द्यायचे ते गावाला. आशाला उत्तर द्यावे लागते ते वर : नोंदवह्यांना, उद्दिष्टांना आणि आता मोबाइलमधल्या अर्जांना. सर्वेक्षण कुठलेही निघो, ते तिच्याच गळ्यात पडते. सरकारने जामखेडकडून पगार नसणे तेवढे नेमके उचलले, आणि त्या बदल्यात बाईला जे मिळत होते ते मागे ठेवले.

मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांना जिनिव्हात जागतिक आरोग्य नेतृत्वाचा सन्मान जाहीर केला. लोकांना आरोग्यव्यवस्थेशी जोडल्याबद्दल, करोनाच्या साथीतही, तो होता आणि तो सर्वस्वी योग्य होता. त्यानंतर दोन वर्षांच्या आत, २०२४ च्या सुरुवातीला, महाराष्ट्रातल्या आशा मानधनवाढीसाठी मुंबईच्या आझाद मैदानावर बसल्या होत्या. राज्याने अखेर पाच हजार रुपयांची वाढ दिली. पण नेतृत्वाचा मान मिळालेल्या बाईला किमान मोबदल्यासाठी मैदानात बसावे लागते, यातच अल्मा-आटाच्या जाहीरनाम्यातला ‘सहभाग’ हा शब्द कुठवर आला आहे, हे कळते.

दिव्यासारख्या ठिकाणी आणखी एक अडचण आहे. जामखेडची सगळी मांडणी गाव गृहीत धरते : ओळखीची माणसे, चावडी, पिढ्यान्‌पिढ्यांचे नाते आणि वैरही. दिव्यात घरातली कमावती माणसे पहाटेच्या लोकलने जातात आणि रात्री परततात. भाडेकरू अकरा महिन्यांनी खोली बदलतो. गरोदर सून बाळंतपणाला गावी जाते आणि लसींचे कार्ड तिकडेच राहते. मोठे दुखणे निघाले तर कळव्याचे महापालिका रुग्णालय गाठायचे. शहरी अभियानात आशेला साधारण दोनशे ते पाचशे घरे दिलेली असतात. घरे तीच राहतात, माणसे बदलत राहतात.

तरीही शहरी अभियानाच्या कागदांत एक जागा अशी आहे जिथे जामखेडचा माग लागतो. वस्तीतल्या पन्नास ते शंभर कुटुंबांमागे एक ‘महिला आरोग्य समिती’ असावी, अशी त्यात तरतूद आहे. जिथे गाव नाही तिथे गावाचे काम ही समिती करू शकते. टँकरचे पाणी कुठल्या चाळीला आधी, गटाराचे तोंड कुठे उघडे आहे, कुठल्या खोलीतली नवी सून कुणाशी बोलत नाही, हे समितीतल्या बायकांना ठाऊक असते. आशाताई त्यांची माहिती वर पोचवणारी हरकामी असेल, की त्यांच्या वतीने बोलणारी त्यांची बाई असेल, यावर बाकी सगळे ठरेल.

जामखेडने जगाला जे दिले त्याचा गाभा मीठ-साखरेच्या पाण्यापेक्षा त्या आठवडी बैठकीत होता. तिथे शिकलेल्या डॉक्टरांनी न शिकलेल्या बायकांचे ऐकून घेतले आणि पुढचा आठवडा त्याप्रमाणे आखला. त्याला परदेशी पैसा लागला नव्हता, खास यंत्र लागले नव्हते. दिव्यातल्या आशाताईच्या आठवड्यात नोंदवही भरून देण्याचा दिवस आहे. तिला कुणी काही विचारावे आणि ऐकून घ्यावे, असाही एक दिवस त्यात असायला हवा.